सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं

“वीस वर्षं सिगारेट ओढली, हिरड्यांनी कधी कुरकुर केली नाही. सोडली आणि दोन महिन्यांत ब्रश लाल व्हायला लागला. डॉक्टर, सोडून चूक केली का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. वय ४६. कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करणं हे त्यांचं रोजचं काम. दिवसाला वीसेक सिगारेटी ओढायचे, त्या दहा आठवड्यांपूर्वी एका झटक्यात बंद केलेल्या. रक्तदाबाची गोळी चालू नव्हती. (हे विचारावंच लागतं. अॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी हिरड्या फुगतात आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.) खालची उजवीकडची पहिली दाढ चार वर्षांपूर्वी हलते म्हणून काढलेली होती. दर वर्षा-दीड वर्षाने कुठे ना कुठे दातांचं क्लीनिंग करून घेतलेलं होतं.

शेवटच्या दोन गोष्टींखाली मी केसपेपरवर रेघ मारली. क्लीनिंग नियमित, रक्त कधीच नाही, आणि तरी बेचाळिसाव्या वर्षी एक न किडलेली दाढ हलून हलून गेली. हे कुठेतरी जुळत नव्हतं.

सिगारेट सोडल्यावर रक्त सुरू झालं हे त्यांनी बरोबर टिपलं होतं. दोष मात्र चुकीच्या बाजूला टाकला होता. दातांच्या कडेला जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साठला की शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवतं. बारीक रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीचं आतलं अस्तर नाजूक होतं आणि ब्रश लागला की रक्त येतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. तेव्हापासून रक्त ही हिरडीची पहिली हाक मानली जाते.

धूम्रपान हीच हाक दाबतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, असं आम्हाला कॉलेजात एका ओळीत शिकवलं होतं. प्रत्यक्षात धुराने सूज येण्याची प्रतिक्रियाच मंदावते. हिरडी फिकी, जाडसर, घट्ट दिसते आणि रक्त कमी येतं. खाली हाड मात्र झिजतच असतं, आणि धूम्रपान न करणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने. सिगारेट थांबली की काही आठवड्यांत हिरडीचा रक्तपुरवठा सुधारतो आणि प्लाक तेवढाच असला तरी रक्त जास्त यायला लागतं. वीस वर्षं या माणसाच्या हिरड्यांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. आता तोंड मोकळं झालं म्हणून त्या ओरडत होत्या.

हे त्यांना सांगितलं. मान हलवली त्यांनी, पण पटल्याचं चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

आकडे

तोंड उघडून नुसतं पाहिलं तर विशेष काही नव्हतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटण, धुराचे तपकिरी डाग, बाकी हिरड्या तशा आटोपशीर. घाईत असलेल्या कोणालाही हे तोंड ठीक वाटलं असतं. त्यांची आधीची क्लीनिंग याच नजरेनं झाली असणार. हिरडीच्या वरचं किटण निघालं, दात चकचकीत झाले, पेशंट खूश होऊन घरी गेला. मीही उमेदवारीच्या काळात अशा कितीतरी पेशंटना आरसा फिरवून “छान आहेत” म्हणून पाठवलेलं आहे.

हिरडीचा आजार दिसण्यापेक्षा मोजण्याचा जास्त आहे. त्यासाठीची प्रोब म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सोडायची. जोर किती, तर नखाखाली तेवढ्याच जोराने दाबली तर दुखू नये, साधारण २० ते २५ ग्रॅम. प्रत्येक दाताभोवती सहा जागा, बाहेरून तीन, आतून तीन. यांचे २७ दात होते, म्हणजे १६२ जागा. मी आकडे बोलतो, सहायक लिहून घेते.

“तीन, दोन, तीन. तीन, दोन, तीन.” पुढचे दात सरळ गेले. वरच्या उजव्या पहिल्या दाढेशी आलो. “तीन, चार, सात.” खुर्चीच्या हातावर टकटकणारी त्यांची बोटं थांबली. पुढचे आकडे ते मन लावून ऐकताहेत हे कळत होतं, कारण पाचच्या वर काही बोललो की भुवई हलायची. खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या मागच्या बाजूला प्रोब सोडली तर ती आत जातच राहिली. एकामागून एक खुणा हिरडीत बुडाल्या. “आठ.” प्रोब बाहेर काढल्यावर क्षणभर काहीच नव्हतं, मग हिरडीच्या कडेने रक्ताची बारीक रेघ हळूहळू वर आली.

चूळ भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हे गेज कॅलिब्रेट करता का? आणि दुसऱ्यानं मोजलं तर तोच आकडा येतो?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही पेशंटने विचारला नव्हता. खरं उत्तर दिलं. एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो, जोर आणि कोन बदलला की आकडा बदलतो, म्हणून दोन भेटींत एकाचा फरक पडला तर आम्ही लगेच धावपळ करत नाही. दोनचा पडला तर करतो. इथून पुढे आमचं बोलणं जुळलं. सिगारेट आणि रक्ताचा जो संबंध माझ्या व्याख्यानाने पटला नव्हता, तो ‘आठ’ने पटवला. दोन महिन्यांत आठ मिलिमीटरचा खड्डा पडत नाही, एवढं गणित त्यांना माझ्याआधी सुटलं.

तीन मिलिमीटरपर्यंत फट निरोगी, चारपासून पॉकेट. ब्रशचे केस हिरडीच्या आत जेमतेम एखादा मिलिमीटर जातात. त्याखालचं सगळं जंतूंना आंदण दिलेलं. त्यांच्या १६२ जागांपैकी ५८ जागी चार किंवा जास्त, त्यांतल्या २१ जागी सहा किंवा जास्त. रक्त ६२ जागी, म्हणजे ३८ टक्के. एक्स-रेत सगळीकडेच हाडाची पातळी खाली सरकलेली. खालच्या डाव्या पहिल्या दाढेमागे मात्र ती नुसती सरकलेली नव्हती, तिथे हाडात विहिरीसारखा उभा खड्डा होता आणि मुळाच्या लांबीच्या साधारण ६० टक्के हाड गेलेलं होतं.

२०१७ साली शिकागोत जगभरच्या तज्ज्ञांनी बसून या आजाराची नवी वर्गवारी ठरवली. ती पुढच्या वर्षी छापून आली. तिच्यात स्टेज सांगते की नुकसान किती झालं, आणि ग्रेड सांगते की ते किती वेगाने होतंय. ग्रेड काढायची एक सोपी रीत आहे. सगळ्यात जास्त झिजलेल्या दाताचं गेलेलं हाड टक्क्यांत घ्यायचं आणि त्याला वयाने भागायचं. ६० भागिले ४६ म्हणजे १.३. एकच्या वर गेलं की ग्रेड सी, सगळ्यात वेगवान. स्टेज तिसरी. बोलीभाषेत ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्यायला सांगितलं, कारण हिरड्या आणि मधुमेह एकमेकांना बिघडवतात. ती ६.१ आली, मधुमेहाच्या अलीकडे, काठावर. त्यांच्या फिजिशियनकडे चिठ्ठी दिली.

गोळी का नाही

“एवढे जंतू आहेत तर अँटिबायोटिकचा एक कोर्स नाही का चालणार?” प्रश्न रास्त होता. पण पॉकेटमधले जंतू सुटे पोहत नसतात. मुळाला चिकटलेल्या चिवट थरात ते एकमेकांना धरून बसलेले असतात, वर किटणाचा खडबडीत दगड. औषध त्या थरात नीट शिरत नाही, आणि थर तसाच ठेवून गोळ्या दिल्या तर काही दिवस बरं वाटतं, मग येरे माझ्या मागल्या. काही निवडक पेशंटमध्ये सफाईच्या जोडीला गोळ्यांचा उपयोग होतो. यांच्यात मला त्या लागतील असं वाटलं नाही, दिल्याही नाहीत.

पहिला संपूर्ण तास मी अवजाराला हात लावला नाही. प्लाक रंगवणारं द्रावण लावून आरसा त्यांच्या हातात दिला. ते रोज दोनदा ब्रश करायचे, चांगल्यापैकी. समोरची बाजू स्वच्छ होती. गडद जांभळा रंग चढला होता तो दातांच्या मधल्या भिंतींवर, जिथे ब्रश पोहोचतच नाही. ६४ टक्के जागा रंगलेल्या.

“पण मी फ्लॉस करतो,” ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. वरच्या पहिल्या उपदाढेच्या पुढच्या बाजूला मुळाला एक उभी खोबण असते. हाड आणि हिरडी जागेवर असेपर्यंत ती झाकलेली असते. हिरडी मागे सरकली की उघडी पडते, आणि फ्लॉसचा ताणलेला दोरा तिच्यावरून पूल बांधल्यासारखा सरळ निघून जातो. खोबणीतला जांभळा पट्टा जसाच्या तसा होता. मग इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बारीक तारेवर केसांचा गोल झाडू, त्या फटीतून दोनदा आत-बाहेर केला. पट्टा गेला. आरशात पाहत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तारेची जाडी किती ते विचारलं.

जाडी महत्त्वाचीच असते. फटीत किंचित अडकत जाईल असा ब्रश हवा. तो सुळकन गेला तर काही झाडत नाही. त्यांना तीन वेगवेगळ्या मापांचे लागले. पुढे एक गंमत झाली. एक माप संपलं म्हणून त्यांनी सगळीकडे सगळ्यात बारीकच वापरायला सुरुवात केली आणि प्लाक परत वर गेला. माणूस दिवसभर कारखान्यात मापं तपासतो आणि स्वतःच्या तोंडात मात्र ‘चालतंय की’ करतो!

हिरडीखालची सफाई

दोन बैठकांत, भूल देऊन. आधी अल्ट्रासोनिक यंत्र, ज्याचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि किटण फोडतं. मग हाताची अवजारं, क्युरेट. आठ मिलिमीटर खाली दिसत काहीच नाही, सगळं बोटांना कळतं. किटण असेल तर अवजार खरखरतं, गेलं की घसरतं. मूळ काचेसारखं गुळगुळीत होईपर्यंत खरवडायची जुनी शिकवण आता मागे पडली आहे. किटण आणि थर काढायचा, मुळाची साल सोलायची नाही.

दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. “मुलगी म्हणते बाबा तुमच्या दातांत फटी पडल्यात. थंड पाणी झोंबतंय. क्लीनिंगने दात खिळखिळे होतात म्हणतात ते खोटं नाही तर.”

हा फोन मला दर दुसऱ्या पेशंटकडून येतो, आणि चूक बहुतेक वेळा आमचीच असते. आधी सांगायला हवं ते आम्ही नंतर सांगतो. मीही यांना ओझरतंच सांगितलं होतं. हाड आधीच गेलेलं असतं. ती जागा सुजलेल्या हिरडीने आणि किटणाने भरून ठेवलेली असते. सूज उतरली, किटण निघालं की खरी फट उघडी पडते आणि दात लांब दिसतात. मूळ उघडं पडल्यामुळे थंड लागतं. त्यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट दिली, काही आठवड्यांत झोंबणं कमी झालं. फटी राहिल्या. त्या राहणार, आणि इंटरडेंटल ब्रशला त्याच वाट देतात, हे मुलीलाही समजावून सांगावं लागलं.

तीन महिन्यांनी

जखम भरायला, हिरडी मुळाला पुन्हा घट्ट बिलगायला वेळ द्यावा लागतो. लवकर मोजलं तर आकडा फसवतो. तीन महिन्यांनी पुन्हा १६२ जागा मोजल्या. या वेळी ते स्वतःची डायरी घेऊन आले होते. चार किंवा जास्त आता २४ जागी, सहा किंवा जास्त फक्त ५ जागी. रक्त २३ जागी, १४ टक्के. प्लाक १८ टक्के. एकही गोळी नाही, एकही टाका नाही.

उरलेल्या पाचांपैकी वरच्या डाव्या बाजूच्या दोन जागा पुन्हा साफ केल्या, त्या पुढे पाचावर आल्या. वरच्या उजव्या दाढेच्या दोन जागा सातावरून सहावर येऊन थांबलेल्या. आणि ती आठची जागा फक्त सातावर आली होती, रक्तासकट.

तिथे हिरडी उघडून पाहायचं ठरवलं. उभ्या खड्ड्याला तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असतील तर त्यात नवीन हाड धरायची शक्यता चांगली असते. सगळीकडून सारखं आडवं झिजलेलं हाड मात्र परत वर येत नाही, कोणी काहीही सांगो. शस्त्रक्रियेच्या दिवशी ते आले आणि भुलीची सुई भरताना म्हणाले, “एक सांगायचं राहिलंय. मागच्या आठवड्यात तीन-चार ओढल्या.” मी सुई खाली ठेवली. धुरात असं हाड धरत नाही, ही मेहनत वाया गेली असती. दोन महिने पुढे ढकललं. ते चिडले नाहीत, मी मात्र थोडा चिडलो. सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं, हे घरी जाताना लक्षात आलं.

दोन महिन्यांनी हिरडीचा छोटा पडदा उचलला. खड्डा तीन भिंतींचाच निघाला. आणि मुळाच्या वळणावर, अगदी तळाशी, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा काळपट किटणाचा तुकडा चिकटलेला होता. माझ्या क्युरेटखालून सुटलेला. सात मिलिमीटरच्या खाली आंधळेपणाने काम करताना काहीतरी राहतंच. तरी डोळ्यांसमोर ते दिसलं की चरचरतं. तो काढला, मूळ साफ केलं, खड्ड्यात हाडाची भर घातली, वर विरघळणारा कोलॅजनचा पडदा आणि टाके. तिथे दोन आठवडे ब्रश बंद, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या. त्याने दातांवर तपकिरी छटा येते आणि जिभेची चव बिघडते, हे या वेळी आधीच, स्पष्ट सांगितलं.

वरच्या उजव्या दाढेला मी हात लावला नाही. तिला तीन मुळं असतात आणि ती जिथून फुटतात त्या दुबेळक्यापर्यंत मागच्या बाजूने हाड झिजलेलं होतं. अवजार तिथे जेमतेम वळतं. शस्त्रक्रियेने तिथे भरवशाचा फायदा होईल असं मला वाटलं नाही. दाढ हलत नव्हती, चावायला त्रास नव्हता. “ही दाढ कधीतरी जाऊ शकते,” मी म्हणालो. “कधी ते सांगता येत नाही. तुम्ही आणि मी मिळून ते लांबवायचं.” त्यांनी डायरीत त्या दाढेपुढे लिहिलं: ‘निरीक्षणाखाली’.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी भेट ठरली. साफ केलेल्या पॉकेटमध्ये जुने जंतू काही महिन्यांत पुन्हा मुक्काम ठोकतात, त्यामुळे ग्रेड सीच्या पेशंटला वर्षातून एकदाच्या क्लीनिंगवर सोडता येत नाही.

शस्त्रक्रियेला वर्ष झाल्यावर एक्स-रे काढला. खालचा खड्डा अर्ध्याहून जास्त भरलेला दिसला. प्रोब सोडली. “चार. रक्त नाही.” डायरीत टिकमार्क झाला. एचबीएवनसी ५.८, त्यात वजन उतरवल्याचा वाटा मोठा असणार, तिचं श्रेय मी घेतलं नाही.

मग वरची उजवी दाढ. मागच्या दोन भेटींत ती पाचावर होती, कोरडी.

“सहा.”

ते उठून बसले. “एकचा फरक मोजणाऱ्याचाही असतो म्हणाला होतात.”

म्हणालो होतो. प्रोब पुसून पुन्हा सोडली, कोन नीट धरून, हात हलका ठेवून. सहाच. काढल्यावर दोघंही वाट पाहत राहिलो. सहायकेने पेन उचलून धरलं होतं. चार-पाच सेकंदांनी हिरडीच्या कडेला लाल ठिपका दिसला.

त्याच बैठकीत ती जागा पुन्हा साफ केली. वाकड्या मानेचा इंटरडेंटल ब्रश दिला आणि तो बाहेरून आणि टाळूच्या बाजूने, दोन्हीकडून कसा घालायचा ते आरशात तीनदा करून घेतलं. पुढची तारीख तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांनी.